आतले जोडे

नांदेडात मी बॅले शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे खालून वर बघतो आणि मग वरून खाली. त्याचा काही दोष नाही. वय छप्पन्न, वजन विचारू नका, अंगावर पंजाबी ड्रेस, आणि चालणं असं की शिरूर अनंतपाळच्या बाजाराला भाजी आणायला निघाले आहे. त्यानं टीव्हीवर पाहिलेली बॅलेवाली काडीसारखी बारीक, पांढऱ्या झग्यातली, अंगठ्यावर गिरक्या घेणारी. मग तो घसा खाकरून विचारतो, "म्हणजे क्लासचा कारभार तुम्ही बघता. आणि शिकवायला कोण येतं?"

"मीच येते," मी सांगते. एकवीस वर्षं झाली, हेच सांगून राहिले.

मी स्वतः हे शिकायला लागले तेविसाव्या वर्षी, पुण्यात. व्यायामशिक्षकाच्या कोर्सला गेले होते. हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत एका वयस्कर पारशी बाईंचा क्लास चालायचा. महिनाभर खिडकीतून बघितलं आणि एक दिवस धीर करून आत शिरले. वर्गात सगळ्या सहा-सात वर्षांच्या पोरी. मी सगळ्यांच्या मागे उभी राहिले, तरी सगळ्यांना मीच दिसत होते. बाई म्हणाल्या, टाचा जुळव, पायाचे चवडे बाहेर कर, आता गुडघे बाहेर उघडत खाली जा. मी गेले. वर यायचं जमेना. एक बोबडी पोर मागे वळून म्हणाली, "ताई, घाबलू नको, पयल्या दिवशी सगल्यांचं असंच होतं." मी इतकी हसले की तिथंच फरशीवर बसले. क्लास सुटल्यावर हॉस्टेलपर्यंत चवडे बाहेर करूनच चालत गेले, वाटभर एकटीच हसत. त्या दिवशी जे खूळ डोक्यात शिरलं ते अजून निघालेलं नाही.

लग्न होऊन नांदेडला आले आणि इथं क्लास काढला. या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. पोरगी पहिल्या दिवशी अंगठ्यावर उभी राहत नाही. तिसऱ्या वर्षीही राहत नाही. पहिली दोन-तीन वर्षं मऊ, सपाट जोडे घालायचे, पातळ तळव्याचे, वर इलॅस्टिकची पट्टी. भिंतीला एक आडवा दांडा असतो, तो धरून उभं राहायचं आणि तेच तेच करायचं. आमचा दांडा म्हणजे नळवाल्याकडून बसवून घेतलेला लोखंडी पाईप. प्लिए म्हणजे पाठ ताठ ठेवून, गुडघे बाहेर उघडत खाली जाणं आणि वर येणं. पहिल्या महिन्यात दुसरं काही नाही. एक आई आठव्या दिवशी कमरेला पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, आठ रोज झाले, तुम्ही माझ्या लेकराला नुसत्या उठाबशा काढायला लावून राहिल्या. काय गुन्हा केला हो तिनं?"

मी म्हटलं, "ताई, उठाबशा नाहीत त्या. तुम्हीच करून बघा."

तिनं केलं. दोनदा खाली गेली, दोनदा वर आली, तिसऱ्यांदा दांड्याला लटकून "अगं माय!" म्हणाली आणि पुन्हा तक्रार घेऊन आली नाही. ही युक्ती मी पुढं बऱ्याच आयांवर वापरली.

दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात तसे याचे मिळतात का, हा दुसरा प्रश्न. मिळत नाहीत. त्यामुळं आठवी लागली की माझी पोर गेली लातूरला, क्लास लावून डॉक्टर व्हायला. माझ्या जेवढ्या विद्यार्थिनी नांदेडात आहेत त्याच्या दुप्पट लातुरात बायोलॉजी पाठ करून राहिल्या. दांडा सोडून मधल्या मोकळ्या जागेत उभं राहायचं बळ पायात येतं ना येतं तोच त्या जातात. एकही पोर माझ्या हातून अंगठ्यापर्यंत पोचली नाही, याचं मला फार वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. मी जन्मभर नवशिक्यांची बाई राहिले.

जागेची कहाणी निराळीच. सुरुवातीला एका मंगल कार्यालयात वर्ग घ्यायचे, मुहूर्त नसतील तेव्हा. फरशीवर बुंदीच्या पाकाचे डाग, त्यात पोरींचे पाय चिकटायचे. एकदा वर्ग चालू असताना हळदीचं वऱ्हाड आत घुसलं. दोन करवल्या काही न विचारता आमच्या रांगेत उभ्या राहून प्लिए करायला लागल्या. त्यातली एक बरी करत होती हो! पण त्या लग्नसराईत आम्हाला तिथून हाकललं.

मग एका ओळखीच्या नर्सताईंनी त्यांच्या वस्तीतल्या विहाराशेजारचं समाजमंदिर सुचवलं. लांबलचक हॉल, शहाबादी फरशी आरशासारखी पुसलेली, समोरच्या भिंतीला मूर्ती आणि तसबिरी. किल्ली सटवाकाकांकडे. सटवाकाका हदगावकडचे. सरकारी कचेरीत शिपाई म्हणून निवृत्त झाले आणि हॉलच्या मागच्या खोलीत राहायचे. किल्ली करदोड्याला बांधलेली. ती काढायची तर आधी सदरा वर करावा लागे, आणि तेवढ्या वेळात ते माणूस पारखून घेत.

"नाच शिकवा, लेकरांना शिकवा, माझं काई म्हणणं न्हाई," ते म्हणाले. "पण जोडे आत येणार न्हाईत."

"काका, हे जोडे वेगळे असतात. मऊ. नाचाचे."

"जोडे म्हंजे जोडे. मऊ असले म्हून काय झालं? इथं साहेब लोक आले तरी बूट बाहेर काढतात."

"यांनी कधी रस्ता पाहिलेलाच नसतो, काका! कोरे करकरीत."

त्यांनी माझ्या हातातला नमुन्याचा जोडा घेतला, तळवा उलटा करून पाहिला, वास घेतला. मग म्हणाले, "रस्ता पाह्यला न्हाई तर चालंल. पण मग जन्मात पाहायचा न्हाई. पार्सल इथं आत फोडा, लेकरांच्या पायात इथं आत घाला, आन् इथंच आत ठेवून घरी जा. एकदा बाहेर गेला तो जोडा बाहेरचा झाला. पुन्हा आत येणार न्हाई."

ठरलं. काकांनी स्वतः भिंतीला लाकडी फळी ठोकली. पहिल्या दिवशी आत पार्सल फोडून मी जोडे पोरींना घालायला दिले. मी हजेरीची वही आणायला वळले तेवढ्यात सगळ्या आयांनी, वळणच ते, पोरींना नवे जोडे काढायला लावून दाराबाहेर चपलांच्या रांगेत नीट जोडीजोडीनं लावले! "देवाच्या ठिकाणी आलो बाई, पायात काय घालतीस," म्हणून एकीनं तर पोरीला चापटही मारली. मी बाहेर धावले तर एक कुत्रं डाव्या पायाचा गुलाबी जोडा तोंडात धरून निवांत चाललेलं. पुढं कुत्रं, मागं मी, माझ्यामागं आया. जोडा मिळाला, पण काकांनी त्या दिवसाचे सगळेच जोडे नापास केले. सगळ्यांनी रस्ता पाहिला होता. पुन्हा मागवावे लागले.

त्यानंतर मी तो नियम पोरींच्या अंगात असा भिनवला की काही विचारू नका. वर्ग सुटला की भिंतीला टेकून बसायचं, जोडे काढायचे, दोन्ही हातांनी धरून फळीवर ठेवायचे, मगच उठायचं. "आतले जोडे कुठं राहतात?" मी ओरडायची. "आत!" सगळ्या पोरी ओरडायच्या. हा आमचा सुट्टीचा मंत्रच होता.

याच हॉलमध्ये वंदना आली. वंदना एसटीत कंडक्टर, माहेर देगलूरचं, तेव्हा वय चव्वेचाळीस. एका संध्याकाळी खाकी गणवेशातच दारात उभी. मला वाटलं भाचीबिचीला घालायला आली असेल.

"माझंच नाव लिवा, मॅडम," ती म्हणाली. "वीस वर्सं झाली, सगळ्यांना जागा देऊन राहिले आन् मी उभी. आता म्हटलं उभंच राहायचं तर जरा चांगलं तरी उभं राहावं."

सहा-सात वर्षांच्या पोरींच्या रांगेत तिला उभी केली, माझ्या पारशी बाईंनी मला केली होती तशी. गुडघे कुरकुरले, पाठ वाकली, हात कुठं ठेवायचे कळेना. पण दुसऱ्या आठवड्यात मी सहज सांगितलं की दांडा सोडा आणि एका पायावर उभ्या राहा. पोरी पटापट पडल्या. वंदना उभी. मी दहा मोजले, वीस मोजले. बाई हलेना! तोंडानं म्हणते कशी, "अय्यो मॅडम, हे तर रोजचंच हाय. एका हातात तिकिटाचं यंत्र, एका हातात सुट्टे, आन् गाडी वळणावर. धरायला तिसरा हात कुठून आणू?"

मी पोटभर हसले, आणि आनंदानं तिला मिठीच मारली. वीस वर्षं काहीही न धरता उभी राहिलेली विद्यार्थिनी कुठल्या बॅले मास्तरला मिळते? पोरी तिला कंडक्टर मावशी म्हणायला लागल्या. डेपोत तिची चेष्टा व्हायची. कुणी तरी "गिरकी दाखवा" म्हणे. ती म्हणायची, "आधी तिकीट काढा, मग दाखवते."

सगळं असं झकास चाललेलं असताना हॉलच्या कमिटीनं मला बोलावलं. अध्यक्ष होते निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. त्यांनी सरळ विषय काढला. वस्तीतल्या मुलामुलींना घरात अभ्यासाला जागा नाही. पायऱ्यांवर बसून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचतात. हॉलची अभ्यासिका करायची आहे. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्या पायऱ्यांवरची पोरं मी रोज ओलांडून आत जात होते. पण हा हॉल गेला तर नांदेडात दुसरी जागा नव्हती. सगळीकडे विचारून झालं होतं. क्लास बंदच झाला असता.

"बाई, आम्ही शिक्षणाला जागा देतो, करमणुकीला न्हाई," गुरुजी म्हणाले. "तुमच्या ह्या विद्येत परीक्षा असते का? दाखला मिळतो का?"

"असते. मिळतो."

"मग पोरींना बसवा. पास झाल्या तर आपण पुन्हा बोलू. न्हाई तर दिवाळीनंतर जागा मोकळी करा."

परीक्षा त्या वर्षी लातूरला होती, बसस्टँडजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. पुण्याहून परीक्षक बाई एकाच दिवसासाठी येणार होत्या. आम्ही दोन महिने घाम गाळला. पाय घसरू नये म्हणून तळव्याला राळ लावतात, ती मी किराण्यातून आणून खलबत्त्यात कुटली. नऊ पोरी आणि वंदना, अशा दहाजणींचे फॉर्म भरले. वंदनानं रजेसाठी कारण काय लिहिलं तर "स्वतःची परीक्षा." साहेबानं दोनदा वाचलं म्हणे.

रविवारी पहाटेच्या गाडीनं निघालो. काय तो थाट! पोरींचे अंबाडे मी आदल्या दिवशीच घालून जाळीत बांधले होते. डबे, पाण्याच्या बाटल्या, मोजे, काळे अंगाला बसणारे कपडे, पिना, सगळं तीनदा तपासलं. वंदना प्रवासी म्हणून बसली, पण वळण आलं की सवयीनं उठून उभी राहायची. लोह्याला पोरींनी गाणी सुरू केली, अहमदपूरला ड्रायव्हरही मान हलवायला लागला. लातुरात उतरलो, शाळा गाठली, कपडे बदलले. अकरा वाजले होते. आमचा नंबर बाराला.

"चला, जोडे काढा," मी म्हटलं.

कुणी हलेना. दहा जणी माझ्याकडे बघत उभ्या. त्यातली सगळ्यांत धाकटी, सहा वर्षांची प्रज्ञा, मला समजावल्यासारखं म्हणाली, "बाई, जोडे आत राहतात ना. हॉलमध्ये. तुम्हीच तर सांगता."

फळीवर! दहाचे दहा जोडे नांदेडला फळीवर, आणि माझा अकरावा! पिना तीनदा तपासणाऱ्या बाईला जोडे आठवले नाहीत, कारण गेल्या इतक्या वर्षांत जोडा पिशवीत घालायचा असतो हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी स्वतःच्या कपाळावर हात मारला. पोरी आधी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग एकदम फिदीफिदी हसायला लागल्या. मला रडू येत होतं आणि हसूही. वंदना तर भिंतीला टेकून, पोट धरून हसत होती. "मॅडम," ती कशीबशी म्हणाली, "प्रवासी चढले, गाडीच राहिली!"

परीक्षक बाईंना जाऊन सांगितलं. बाई उंच, ताठ, पायात टाचेच्या सँडल, आवाज मृदू पण निर्णय पक्का. "शूजशिवाय मी परीक्षा घेत नाही. अनवाणी पायांना इजा झाली तर जबाबदार कोण? तुम्हाला शेवटी ठेवते. चारपर्यंत थांबेन. पाचला मला निघायचंय."

लातूरच्या बॅले क्लासच्या पोरींकडून उसने घ्यावेत तर त्या परीक्षा देऊन कधीच पळाल्या होत्या. रविवारची टेस्ट होती त्यांची. मी सटवाकाकांना फोन लावला. चौथ्यांदा उचलला.

"काका, जोडे राहिले!"

"राहिले न्हाईत. हायेत ना जागेवर."

"ते इथं लातूरला पाहिजेत. आत्ता! बसस्टँडजवळच्या शाळेत. पावणेबाराच्या गाडीच्या कंडक्टरकडे गाठोडं द्या, आम्ही उतरून घेऊ."

मग आवाज आला, "बाहेर काढायचे म्हणता?"

"हो काका."

"रस्त्यावरून?"

"हो."

फोन बंद झाला. पुन्हा लावला, उचलला नाही. दहा वेळा लावला. त्या माणसाला मी पुरती ओळखून होते. एकदा ठरलं की ठरलं. वंदनानं तिकडं आपली यंत्रणा लावली. त्या गाडीवर तिच्या डेपोतला गायकवाड नावाचा कंडक्टर होता. बारा वाजता त्याचा फोन आला, "ताई, गाडी सुटली. पार्सल घेऊन कोणी आलं न्हाई. लई वाट पाहिली."

संपलं, मी मनात म्हटलं. पोरींना मात्र सांगितलं नाही. त्यांना डबे खायला लावले. प्रज्ञानं मला आपल्या डब्यातली अर्धी पोळी दिली, ती मी रुमालात गुंडाळून ठेवली. गुरुजींना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. क्लास बंद झाल्यावर त्या फळीवर पुस्तकं छान राहतील, असलं काहीतरी डोक्यात यायला लागलं. वंदना फाटकात जाऊन उभी राहिली. गाडी रिकाम्या हातानं येणार हे माहीत असूनही उभी राहिली, कारण तिला बसून राहायला जमतच नाही.

साडेतीन होऊन गेले होते. फाटकातून हाक आली, "मॅडम! ओ मॅडम! एक म्हातारं येऊन राहिलंय! डोक्यावर गाठोडं!"

मी पळत गेले. भर रस्त्यातून, रिक्षा आणि मोटरसायकलींच्या मधून, सटवाकाका येत होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर पांढऱ्या चादरीत बांधलेलं गाठोडं, दोन्ही हातांनी धरलेलं. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

"काका! कंडक्टरकडे द्यायला सांगितलं होतं ना मी!"

"त्याच्याकडं कसा देऊ?" ते माझ्यावरच खेकसले. "तो पायापाशी टाकंल. गाडीच्या तळाला. मग काय राह्यलं?"

नंतर गायकवाडनं वंदनाला सगळं सांगितलं. म्हातारं पहिल्या सीटवर गाठोडं मांडीवर घेऊन बसलं होतं. वरच्या फळीवर ठेवू देईना, खाली ठेवू देईना. गायकवाडला वाटलं म्हाताऱ्याचे कपडेच असतील, हेच ते पार्सल हे त्याच्या लक्षातच आलं नाही. चाकूरला एक लेकुरवाळी चढली, तर म्हातारं उठलं, तिला जागा दिली आणि गाठोडं कडेवर घेऊन लातूरपर्यंत उभं राहिलं. "बसवतो म्हटलं, तर म्हणे, राहू द्या, ह्यांना जमिनीला लागू द्यायचं न्हाई."

काका हॉलच्या दाराशी आले, चपला बाहेर काढल्या आणि आत डोकावले. दिवसभर सगळे बूट-चपला घालून आत फिरले होते. फरशीवर धूळ, वेफर्सची पाकिटं, पायांचे ठसे. काकांनी गाठोडं वंदनाच्या हातात दिलं. "धरा. खाली ठेवू नका." मग मला विचारलं, "झाडू कुठाय?"

आणि त्या म्हाताऱ्यानं तो परका हॉल झाडायला घेतला! मी झाडू घ्यायला गेले तर डोळे वटारले. मग मी बादली आणली, पोरींनी फडकी मागून आणली, आणि काळ्या कपड्यांतल्या, जाळीतल्या अंबाड्यांच्या नऊ पोरी ढोपरांवर बसून फरशी पुसायला लागल्या. वंदना मधोमध गाठोडं घेऊन उभी. परीक्षक बाई टेबलामागून बघत होत्या. घड्याळ बघतील, काहीतरी बोलतील, म्हणून मी बादली घेऊन आणखी भराभर फिरायला लागले. त्या उठल्या. ओल्या फरशीच्या कडेपर्यंत आल्या, आपल्या सँडलकडे पाहिलं, वळून दाराबाहेर गेल्या आणि काकांच्या चपलांशेजारी सँडल काढून अनवाणी आत आल्या.

काकांनी चादर सोडली. एकेक जोडा उचलून जिचा तिला दिला, एकही नाव न विचारता. कोणता कुणाचा हे त्यांना पाठ होतं. शेवटी एक उरला, तो माझा. "तुमचा पण आणला," ते म्हणाले. "एकटाच कामून ठेवायचा?"

परीक्षा काय झाली म्हणता? बहार झाली! पोरींना घाबरायला सवडच नव्हती. हसून हसून चेहरे लाल झाले होते, ते तसेच दांड्याला उभे राहिले. प्रज्ञा एकदा उलट्या बाजूला वळली आणि स्वतःच "अरे!" म्हणाली. वंदनाची पाळी आली. तोल धरायला सांगितलं. ती एका पायावर उभी राहिली, हात वर, मान उंच, आणि राहिलीच. बाईंनी वहीत लिहिलं, वर बघितलं, तरी ती तशीच.

"हे कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं.

"नांदेड-किनवट, मॅडम," वंदना म्हणाली. "रोज दोन फेऱ्या."

दहाच्या दहा पास. दाखले आले, मी ते घेऊन कमिटीपुढं गेले. गुरुजींनी चष्मा लावून एकेक वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग म्हणाले, "बाई, पोरींचं कौतुक हाय. शब्द दिला होता, म्हणून बोलायला बसलो. पण अभ्यासिकाही लागतेच. एका हॉलात दोन गोष्टी कशा बसवायच्या? तुम्ही दुसरी जागा पाहिलेली बरी."

सटवाकाका दारात बसले होते. ते कमिटीत नव्हते, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. ते तिथूनच बोलले.

"जागा कशी पाहतील? त्यांचे जोडे हॉलच्या बाहेर जात न्हाईत."

गुरुजी हसले. "अहो सटवाजी, तो नियम तुम्हीच केलाय."

"म्हूनच सांगतो. मी केला, कमिटीनं मानला, लेकरांनी पाळला. एकदा बाहेर न्यावे लागले, तर लातूरपर्यंत भुईला टेकू दिले न्हाईत. आता ते जोडे कुठं टाकायचे, तुम्ही सांगा. सांजचे पाच ते सात लेकरं नाचतील. बाकीचा दिवस पोरं अभ्यास करतील. मला काय, किल्ली फिरवायचीय. दोनदा फिरवीन."

गुरुजींनी दाखले पुन्हा एकदा चाळले आणि वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून तसंच चाललंय. त्या अभ्यासिकेतली दोन पोरं सरकारी नोकरीला लागली. ती पेढे घेऊन आली, तेव्हा आमच्या वर्गातूनच उड्या मारत गेली.

याला आता सात-आठ वर्षं झाली. प्रज्ञा लातूरला गेली, अर्थातच बायोलॉजीला. वंदना अजून येते आणि नव्या बायकांना माझ्याआधी तीच सरळ करते. माझे गुडघे मात्र बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, बाई, आता थांबा. फार विचार केला, थोडी रडले आणि ठरवलं की बास. वंदना पहिल्या वर्षाचं शिकवू शकते. गेल्या सोमवारी शेवटचा वर्ग घेतला. पोरी गेल्यावर भिंतीला टेकून बसले, जोडे काढले, आणि आठवण म्हणून पिशवीत घातले.

दारात सटवाकाका. आता ऐंशीच्या घरात आहेत, कमरेत वाकलेत. किल्ली अजून करदोड्यालाच.

"पिशवीत काय हाय, बाई?"

"माझे जोडे, काका. घरी नेते."

त्यांनी हात पुढं केला. मी पिशवी दिली. त्यांनी जोडे काढले, तळवा उलटा करून पाहिला, आणि हळूहळू चालत जाऊन फळीवर माझ्या जागी ठेवले.

"आतले जोडे बाहेर जात न्हाईत," ते म्हणाले. "घालायचे तर इथं येऊन घाला."

मग त्यांनी दिवा मालवला, कुलूप लावलं, आणि पायऱ्यांवरून उतरताना मला विचारलं, "उद्या पाचलाच ना?"

"पाचलाच," मी म्हटलं.